आजोबांच्या ट्रंकेतली मातीची टिकली: बौद्ध असेल का?

दांडियाबाजारकर:
माळा आवरताना आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, बडीशेपेच्या डबीत, मातीची चपटी टिकली सापडली. रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी. वर बारीक स्तूप, खाली मुंगीच्या पायांसारखी अक्षरं, मागे कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा. आजोबा गयेला पिंडदानाला गेले होते, तिथलीच असावी. आई म्हणते देव्हाऱ्यात ठेव, बायको म्हणते आधी धू. काय करू?

मोडीवाचक:
धुवू नका हो! अशा कितीतरी टिकल्या नुसत्या उन्हात वाळवलेल्या असतात, पाण्यात चिखल होईल. कोरडा मऊ ब्रश फिरवा, बस. अक्षरं बहुधा ‘ये धर्मा हेतुप्रभवा’ ही बौद्ध गाथा असेल. ओली माती साच्यात दाबून अशा टिकल्या करायचे आणि पुण्यासाठी स्तूपाला वाहायचे. नालंदा, बोधगया, आपल्या कान्हेरीतही मिळाल्यात. तिबेटात यांना ‘त्सा-त्सा’ म्हणतात, तिकडे कधीकधी मृताची राखही मिसळतात. मला तर त्या अंगठ्याचाच हेवा वाटतोय.

फतेगंजवाला:
साचा काय, आजही दाबता येतो, तेव्हा लगेच हुरळू नका. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागात विचारा, गुजरातेतल्या देवनी मोरीच्या बौद्ध स्तूपाचं उत्खनन त्यांनीच केलं. आणि कुणी परदेशातला गिऱ्हाईक आणला तर हात जोडा: शंभर वर्षांवरची पुरावस्तू खाजगीरीत्या बाहेर पाठवायला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे.

दांडियाबाजारकर:
वाचलो! बायकोने वाटीत पाणी काढलंच होतं. टिकली परत डबीत, बडीशेपेच्या वासासकट.