मदत हवी आहे: चूक दाखवली की मन मिटून जातं

प्रभूमध्ये सर्वांना सलाम. आमच्या बायबल अभ्यासगटात मी दोन वर्षं संदेश देतोय. गेल्या महिन्यात मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या भावांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तू शिकवतोस छान, पण दुसऱ्याला बोलूच देत नाहीस." त्यांनी मत्तय 18:15 प्रमाणे एकांतात सांगितलं, चारचौघांत नाही. तरी मला ते लागलं. "छान" हा शब्द मी घरी पोचेपर्यंत विसरलो, उरलेलं वाक्य मात्र अजून कानात आहे!

बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 18व्या अध्यायातला उपदेशक अपुल्लो आठवतो. शास्त्रात प्रवीण, बोलण्यात आवेशी, पण त्याला फक्त योहानाचा (पश्चात्तापाचा) बाप्तिस्माच ठाऊक होता, म्हणजे त्याचं ज्ञान अपुरं होतं. प्रिस्किल्ला आणि अक्विला या पतिपत्नींनी त्याला जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला. त्यानं ते ऐकलं असावं, कारण पुढे अखया प्रांतात जायला निघाला तेव्हा बंधुजनांनी त्याला उत्तेजन देऊन सोबत पत्रही दिलं. मी मात्र तीन आठवडे त्या भावांची नजर टाळतोय.

बोलणं खरं आहे, हे मला कळतं. पण ते स्वीकारायचं कसं? त्यांच्याकडे जाऊन आधी काय बोलू? आणि "जिथे सुधारतोय तेही सांगत जा" असं मागणं म्हणजे कौतुकाची हाव ठरेल का? कोणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा. नुसती वचनं पाठवू नका, ती मीच इतरांना पाठवत असतो.