मूळनिवासी बंडखोरांना का मिळतात? (आणि मध्येच ओंडक्यांचं गणित)

कक्षाभ्रष्ट
‘जुलूम वाढला की मूळनिवासी उठतात, बंडखोर फक्त ठिणगी टाकतात.’ विज्ञानकथेतल्या साम्राज्यांवरच्या एका लेखातलं हे वाक्य, आणि त्याखाली नुसती वाहवा. इतकं आळशी विधान सोडून देववेना, म्हणून सविस्तर लिहितो.

जुलूम सगळ्यांवरच होतो, उठतात थोडेच. कर वाढवला तर डोंगरातली टोळी आणखी वर सरकते, कारकुनाला सापडत नाही. पण वस्ती उठवली, पाणवठा कुंपणाआड गेला, पवित्र झाडं तोडली की सरकायला जागाच उरत नाही. तिथून पुढे लढणं आणि मरणं यांच्या किमतीत फारसा फरक राहत नाही. तरीही टोळी कुणाही उपऱ्याच्या मागे जात नाही. त्याच्याकडे तिला स्वतःला न जमणारं काहीतरी असावं लागतं: शत्रूच्या यंत्राचा कच्चा भाग कुठे आहे ही माहिती, संपर्काची साधनं, औषधं. आणि लेखक मंडळी हमखास विसरतात तो प्रश्न असा की बंड फसलं तर सूड कुणावर? यान असलेला उडून जातो. जंगलातला जंगलातच राहतो.

‘ड्यून’ (१९६५) ही कादंबरी बघा. वाळवंटी ग्रहाचे मूळ रहिवासी फ्रेमन अंतराळवाहतूक ताब्यात असलेल्या स्पेसिंग गिल्डला मसाल्याची (त्या ग्रहावरच मिळणारा मौल्यवान पदार्थ) लाच देतात, का तर वाळवंटावर उपग्रह फिरू नयेत. लपवायचं असतं ते साठवलेलं पाणी आणि लावलेली झाडं. तीनशे ते पाचशे वर्षांची योजना आहे ती. कथानायक पॉल, म्हणजे परागंदा झालेला सरदारपुत्र, वाळवंटात पोहोचतो तेव्हा त्यांची लढाई पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. फ्रेमन पॉलला मिळाले नाहीत, पॉल त्यांना मिळाला.

खडूस वाचक
वा! म्हणजे फ्रेमन सगळे हिशेबनीस. मग बेने जेसेरिट या गूढ स्त्रीसंघाने त्या ग्रहावर आधीच पेरून ठेवलेल्या भविष्यवाण्यांचं काय करायचं? पॉल आणि त्याची आई वाळवंटात जगले ते त्याच भाकितांतली वाक्यं वेळेवर फेकून. हिशेब करणारी टोळी ‘ड्यून मसाया’मध्ये (१९६९) त्याच पॉलच्या नावाने ६१ अब्ज माणसं मारून बसते. हा आकडा खुद्द पॉलच्या तोंडी आहे, आणि तोही ‘कमीत कमी’ म्हणून. पाचशे वर्षांची बागायत सोडून ही कुठली लागवड?

‘रिटर्न ऑफ द जेडाय’ (१९८३) तर याहून सोपा. इवॉक, म्हणजे एन्डोरच्या जंगली चंद्रावरचे अस्वलासारखे बुटके रहिवासी, बंडखोरांच्या सोनेरी रोबोला देव मानतात, त्याच्या साथीदारांना भाजायला घेतात, त्यांच्यातला ल्यूक देवाची खुर्ची हवेत उचलतो, रोबो रात्री गोष्ट सांगतो, सकाळी फौज हजर. साम्राज्याने इवॉकांचं नेमकं काय बिघडवलं होतं, हे त्या चित्रपटात एका वाक्यानेही सांगितलेलं नाही. तुमचा जमिनीचा सिद्धांत तिथे कुठे बसतो ते दाखवा. लेखकाला फुकटचं पायदळ हवं असतं, बाकी काही नाही.

तिरपा ग्रह
दोघेही न मिळणाऱ्यांना विसरताय. ‘अँडॉर’ (२०२२) या ‘स्टार वॉर्स’ मालिकेतला अल्धानी ग्रह. तिथल्या मूळच्या धानी लोकांना साम्राज्याने डोंगराळ मुलखातून खाली कारखान्यांच्या पट्ट्यात हलवलंय. यात्रेवर बंदी घातलेली नाही, वाटेवर स्वस्त दारूचे अड्डे उघडलेत. प्रत्येक यात्रेत बरेच यात्रेकरू तिथेच गळतात आणि गोळी एकही झाडावी लागत नाही. कक्षाभ्रष्ट यांच्या सिद्धांताप्रमाणे आता उठाव व्हायला हवा. होत नाही. उलट बंडखोरच यात्रेच्या आडोशाने तळावर घुसतात, आठ कोटी क्रेडिट्सचा पगार लुटतात आणि उल्कावर्षावाच्या उजेडात पसार होतात. धानींना कुणी विचारलं? नंतर साम्राज्य शिक्षा वाढवतं, ती सगळ्यांनाच भोवते. आणि हे घडावं अशीच लूट आखणाऱ्याची इच्छा होती.

कक्षाभ्रष्ट
@तिरपा ग्रह, हे माझ्याच बाजूचं उदाहरण आहे. जागा हळूहळू काढून घेतली, रोजगार आणि दारू दिली, तर उठावाचा क्षणच येत नाही. उठतात ते एका फटक्यात सगळं गेलेले.

@खडूस, भविष्यवाणी ओळखपत्राचं काम करते. आत यायला उपयोगी. आत आल्यावर पॉलला द्वंद्व लढावं लागतं, वाळूकिड्यावर स्वार व्हावं लागतं. नुसत्या भाकितावर कुणी पाण्याचा थेंब दिला नसता.

घर्षणगुणांक
इवॉकांचा विषय निघालाच आहे तर मूळ पाप बोलून टाकूया. दोरांवर टांगलेले दोन ओंडके दोन्ही बाजूंनी येतात आणि साम्राज्याच्या दोन पायांच्या चिलखती वॉकरचं (चालत्या युद्धयंत्राचं) डोकं चेपतात. हे शक्यच नाही.

दुर्बीण
शक्य आहे. १ मीटर व्यास, ५ मीटर लांबी धरा, घनफळ जवळपास ३.९ घनमीटर. ओल्या लाकडाची घनता घनमीटरला ९०० किलो धरली तर वजन साडेतीन टन. १० मीटरच्या दोरांवर ६० अंश मागे ओढून सोडला की ५ मीटर खाली येतो, तळाशी वेग सेकंदाला साधारण १० मीटर, ऊर्जा १७० किलोज्यूलच्या आसपास. दीड टनाची मोटार ताशी ५० किलोमीटरने आदळते तेव्हा १४५ निघते. इथे दोन ओंडके समोरासमोर. चिलखत भेदायची गरजच नाही, खिडक्यांची चौकट आणि सांधे वाकले की आतले दोघे संपले.

घर्षणगुणांक
आदळण्याबद्दल माझी तक्रारच नाही. वर चढवला कुणी? इवॉक जेमतेम एक मीटर उंच, एकाची ओढ २० किलो धरली तरी नुसत्या फांदीवरून दोर टाकून साडेतीन टनांना १७५ इवॉक लागतात, आणि फांदीवरचं घर्षण वेगळंच. चार पदरी लाकडी कप्पी लावा, कोरड्या लाकडी आसांमुळे ४० टक्के ओढ वाया गेली असं धरा, तरी एका ओंडक्याला सत्तरेक. शिवाय दोन्ही ओंडके एकाच क्षणी पोहोचायला हवेत. दहाव्या हिश्शाचा सेकंद चुकला तरी एक ओंडका मीटरभर मागे राहतो. मग पहिल्या धक्क्याने वॉकर नुसताच कलंडतो, डोकं चेपत नाही. म्हणजे दोन्हींचा चाप एकच हवा, दोरांची लांबी तंतोतंत सारखी हवी. गोष्ट ऐकून झाल्यावर एका रात्रीत हे सगळं?

दुर्बीण
एका रात्रीत नाहीच. तेच तर म्हणतोय! ओंडके, गोफणयंत्रं, कातड्याच्या पंखांचे ग्लायडर हे सगळं रोबोच्या गोष्टीआधी तयार असणारच. म्हणजे इवॉक बंडखोर येण्यापूर्वीच लढाईची तयारी करत होते. खडूस वाचकांच्या ‘रात्री गोष्ट, सकाळी फौज’चं काय उरलं?

खडूस वाचक
शिकारीचे सापळे उरले. ल्यूक आणि मंडळी ज्या जाळ्यात अडकतात ते शिकारीचंच होतं, आमिषाला मांस टांगलेलं. जंगलात राहणारे सापळे लावणारच, त्याला युद्धाची तयारी म्हणायचं? उद्या मासे पकडणाऱ्याला नौदल म्हणाल.

दुर्बीण
जमिनीपासून आठ-नऊ मीटरवर डोकं असलेलं कुठलं जनावर भाजून खातात ते?

खडूस वाचक
गोरॅक्स. १९८४ च्या टीव्हीपटात माणसांना उचलून नेणारा राक्षस आहे, त्याच चंद्रावर. अभ्यास वाढवा.

घर्षणगुणांक
गोरॅक्स मान्य केला तरी दोर मान्य होत नाहीत. एका ओंडक्याला दोन दोर, म्हणजे स्थिर भार प्रत्येकी पावणेदोन टन. ६० अंशांवरून सोडल्यावर तळाशी ताण दुप्पट, साडेतीन टन. चार सेंटीमीटर जाडीचा वाखाचा दोर नवा आणि कोरडा असेल तर नऊ-दहा टनांना तुटतो, म्हणजे तिपटीच्या आतबाहेर सुरक्षितता. पण दमट जंगलात, सतत भाराखाली? वनस्पतींचा दोर भिजला की आखडतो, वाळला की सैलावतो, फांदीवर टेकतो तिथे आतून कुजतो. काही महिन्यांत निम्मी ताकद गेली समजा. चारही दोर सारखे कुजत नाहीत, त्यामुळे ओंडका तिरका लटकतो आणि मारा चुकतो. जुन्या राक्षसासाठी टांगून ठेवलेला ओंडका वॉकर यायच्या आत स्वतःच खाली आला असता.

दुर्बीण
म्हणजे ओंडके अलीकडेच टांगलेले. म्हणजे साम्राज्याचा तळ उभा राहिल्यानंतर. म्हणजे वॉकरसाठीच, त्याच्या डोक्याची उंची मोजून, त्याच्या गस्तीच्या वाटेवर. धन्यवाद, माझं काम तुम्हीच केलंत.

घर्षणगुणांक
मी दोरांबद्दल बोलत होतो. निष्कर्ष तुमचा तुम्ही काढा. (चूक सापडत नाहीये, हे मात्र खरं.)

तिरपा ग्रह
दोर सोडा आता. इवॉकांमागे व्हिएतनाम आहे, हे ‘स्टार वॉर्स’चे जनक जॉर्ज लुकस यांनी स्वतः सांगितलंय. गंमत अशी की खऱ्या व्हिएतनाममध्ये डोंगरजंगलातल्या मूळ जमातींपैकी बऱ्याच अमेरिकेच्या बाजूने लढल्या! १९६१ च्या शेवटी बुऑन एनाओ या ऱ्हाडे जमातीच्या गावापासून सुरुवात झाली. गावाने कुंपण घालायचं, तळघरं खणायची, पहारा द्यायचा. बदल्यात शस्त्रं, प्रशिक्षण आणि दवाखाना. त्यांचं पहिलं भांडण सायगावशी, म्हणजे दक्षिण व्हिएतनामच्या सरकारशी होतं, कारण सपाटीवरच्या लोकांना आणून त्यांच्या जमिनींवर वसवलं जात होतं. सप्टेंबर १९६४ मध्ये अमेरिकेने शस्त्रं दिलेल्या त्याच छावण्यांतून सायगावविरुद्ध बंड झालं. दुसरीकडे कम्युनिस्ट बंडखोर व्हिएतकाँगही त्यांना स्वायत्ततेचं आश्वासन देत होते आणि काही तिकडे गेले. आता सांगा, यात साम्राज्य कोण आणि बंडखोर कोण?

मलायात तर एकच लोक दोन्ही बाजूंना दिसतात. १९४८ नंतर ब्रिटिशांनी ओरांग असली जमातींना जंगलातून उचलून कुंपणाच्या छावण्यांत टाकलं. माणसं रोगांनी आणि खचून मेली, उरलेल्यांपैकी बरीच कम्युनिस्ट बंडखोरांकडे वळली. चूक उमगल्यावर १९५३ पासून ब्रिटिशांनी जंगलातच किल्ले बांधले, तिथे दवाखाना आणि दुकान. १९५६ मध्ये त्याच जमातींची सेनोई प्राक ही तुकडी कम्युनिस्टांविरुद्ध उभी राहिली.

खडूस वाचक
मग मुद्दा काय? औषध देईल तो जिंकेल?

तिरपा ग्रह
तिथून हलवणार नाही तो जिंकेल. औषध नंतर. आणि शेजारच्याशी जुनं वैर असेल तर तेही मोजायचं. मेक्सिकोतल्या त्लाश्काला राज्याने १५१९ मध्ये आधी स्पॅनिश सेनानी कोर्टेसशी लढाई केली, जमेना म्हणून युती केली, कारण अझटेकांनी त्यांचं मीठ आणि कापूस कोंडलं होतं. १५२१ मध्ये अझटेकांची राजधानी तेनोच्तित्लान पडली तेव्हा स्पॅनिशांच्या बाजूला बहुसंख्य सैनिक स्थानिक होते. यांना ‘बंडखोरांना मिळालेले मूळनिवासी’ म्हणाल की ‘साम्राज्याला मिळालेले’? विज्ञानकथेत ग्रहावर एकच टोळी असते, एकच भाषा, एकच सरदार. शेजारी नाहीत, म्हणून वैर नाही, म्हणून हिशेबही नाही. लिहिणाऱ्यांनी ग्रहावर निदान दोन टोळ्या ठेवाव्यात आणि मीठ एकीच्याच ताब्यात द्यावं. बाकीचं कथानक आपोआप सुचेल.

कक्षाभ्रष्ट
मीठवाला मुद्दा मी मांडायला हवा होता. एवढंच कबूल करतो, जास्त चढून जाऊ नका.

खडूस वाचक
मीही एक कबूल करतो: इवॉकांनी हिशेब केला असेल. मग तो चुकला. साम्राज्याच्या डेथ स्टार या अवकाशतळाभोवतीची संरक्षक शील्ड पडली, वर किमान १६० किलोमीटर व्यासाचं ते लोखंड फुटलं, आणि बंडखोर त्याच रात्री त्यांच्याच गावात नाचले. ढिगारा कुठे कोसळणार हे यजमानांना कुणी विचारलं होतं का?

दुर्बीण
२०१९ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटात त्याचे तुकडे केफ बिरवर पडलेले दिसतात. तो एन्डोरचा दुसरा चंद्र, समुद्राचा.

खडूस वाचक
छान. म्हणजे बिल शेजाऱ्यांच्या नावावर फाडलं. त्या केफ बिरवाल्यांना कुणी गोष्ट सांगायला गेलं होतं का रात्री?

घर्षणगुणांक
तुकडे कुठल्या चंद्रावर जातील हे स्फोटाच्या दिशेवर आणि कक्षेच्या वेगावर ठरतं. त्यासाठी वेगळा धागा काढतो. इथे नको, तिरपा ग्रह मध्येच मीठ आणतील.