आजच्या संगीताचा पियानो-कार्यक्रम: वेगवेगळे रचनाकार कसे निवडावेत?

मांडवीकाठ:
पणजीत नोव्हेंबरमध्ये विद्यार्थ्यांसाठी ५० मिनिटांचा एकल पियानोचा कार्यक्रम ठरतोय. सगळं १९६० नंतरचं हवं, पण यादी करायला बसलं की तेच चार-पाच युरोपियन पुरुष हाती लागतात. सुरुवात कुठून करावी? सभागृहातला ग्रँड पियानो पावसाळाभर जवळजवळ बंदच असतो.

बेतीचा सूर:
आधी एक गोष्ट टाळा: शेवटी एखाद्या स्त्री किंवा बिगर-युरोपियन रचनाकाराचा तीन मिनिटांचा तुकडा जोडून ‘झाली विविधता’ म्हणणं. कार्यक्रमाचा कणाच अशा रचनांचा हवा. सोफिया गुबायदुलिना यांची ‘शाकोन’ (१९६२) आरंभाला घ्या, भारदस्त कॉर्डांनी (एकत्र वाजणाऱ्या सुरांनी) सुरू होते. मग तोरू ताकेमित्सूंचं ‘रेन ट्री स्केच २’ (१९९२), तिथे कान निवतो. पुढे क्यूबात जन्मलेल्या तानिया लिऑन यांचं ‘मोमेंटम’ (१९८४), जॉर्ज वॉकर यांची चौथी सोनाटा (१९८४) आणि उनसुक चिन यांचे दोन एट्यूड (एकेका वादनतंत्रावर बेतलेल्या छोट्या रचना). स्वरलिपी छापील मागवा. परदेशातून यायला वेळ लागतो, म्हणून आताच.

फोंड्याची पट्टी:
यादी उत्तम, पण चिन यांच्या एट्यूडांपैकी जलद ‘टोकाटा’ ठरवण्याआधी पियानो तपासा. दमट हवेत पट्ट्यांच्या खिळ्यांभोवतीचं फेल्ट (दाबलेल्या लोकरीचं कापड) फुगतं, पट्टी सावकाश वर येते आणि पटापट वाजवलेल्या सुरांपैकी काही गळतात. ८८ पट्ट्या एकेक करून हळू दाबा, सोडा. मग तोच सूर ३-२-१ बोटांनी (मधलं बोट, तर्जनी, अंगठा) जलद वाजवा. अडकणाऱ्या पट्टीवर खूण करून तंत्रज्ञाला दाखवा. तेल किंवा फवारा मुळीच मारू नका, फेल्ट खराब होतं.
सूर लावण्याचंही तसंच. पावसात साउंडबोर्ड (तारांखालची लाकडी फळी) फुगतो, मधले सप्तक चढतात. नंतर एसीत हवा कोरडी झाली की उतरतात. म्हणून कार्यक्रमाला असेल त्याच तापमानावर दोन दिवस एसी चालू ठेवा, मग सूर लावून घ्या आणि त्या सकाळी पुन्हा तपासा. एसीचा झोत पियानोवर नको.

मांडवीकाठ:
देव बरें करूं. पट्ट्या अडल्या तर ‘टोकाटा’ऐवजी काय?

बेतीचा सूर:
चिन यांना वगळू नका. सहा एट्यूड आहेत, त्यांतला एकाच सुराची जलद पुनरावृत्ती कमी असलेला वेगळा एखादा घ्या. आणि पुढच्या वर्षी ‘शाकोन’ परत ठेवा. नवं संगीत एकदा ऐकून कानात बसत नाही; तोच विद्यार्थी दुसऱ्यांदा ऐकेल तेव्हा त्याला बांधणी दिसू लागेल.