पाच-सहा जणांच्या ग्रुपमध्ये स्पॉन्सर आणायचा कुठून?

पहाटवारा
ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांची एकमेकांना आधार देणारी चळवळ) लहान ग्रुपमध्ये नवा माणूस आला की मीटिंग संपताना कोणीतरी त्याला सांगतंच, "लवकर स्पॉन्सर घे," म्हणजे या वाटेवर तुला सोबत करणारा, आधी आलेला मेंबर. पण घ्यायचा कोणाला? समोर पाच जण. एकाकडे आधीच तीन स्पॉन्सी, म्हणजे तो सोबत करतो ते मेंबर, दोघं स्वतःच अजून सावरताहेत, एक याच्याच नात्यातला. मग उरलेल्या सगळ्यात जुन्या मेंबरच्या गळ्यात नव्याला मारलं जातं, दोघांचं जमो न जमो. हे थांबायला हवं. पहिल्याच दिवशी तात्पुरता स्पॉन्सर द्यावा, महिना-दोन महिन्यांची मुदत उघड सांगून. तेवढ्या वेळात कायमचा स्पॉन्सर बाहेरच्या ग्रुपमधून किंवा ऑनलाइन मीटिंगमधून शोधायला ग्रुपने खरी मदत करावी. म्हणजे त्याला शेजारच्या ग्रुपच्या मीटिंगला सोबत न्यायचं, ए.ए.च्या बारा पायऱ्या, म्हणजे दारूतून बाहेर पडण्याचा कार्यक्रम, केलेल्या आणि नवा स्पॉन्सी घ्यायला तयार असलेल्या दोघा-तिघांशी गाठ घालून द्यायची. नंबर मात्र त्या मेंबरांना विचारूनच द्यायचे. निनावीपणा इथेही पाळायचाच.

जुना मेंबर
तात्पुरता ठीक आहे. बाहेरचा मला मान्य नाही. फोनवर माणूस आपल्याला हवं तेवढंच सांगतो. चेहरा उतरलाय, बोलणं तुटक झालंय, सलग दोन मीटिंगा चुकल्यात, हे रोजच्या ग्रुपमधल्या माणसालाच दिसतं. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रनमध्ये ए.ए.चे संस्थापक बिल आणि डॉ. बॉब तासन् तास समोरासमोर बसले, तो उन्हाळा बिल त्यांच्याच घरी राहिला. आपली सगळी चळवळ त्या सहवासातून उभी राहिली.

काठावरची
दादा, माझ्या ग्रुपमध्ये मी एकटी बाई आहे. पुरुषांना पुरुष आणि बायकांना बाई स्पॉन्सर असावी, असं ए.ए.मध्येच सुचवतात. पाचव्या पायरीला आपल्या चुकांचं नेमकं स्वरूप दुसऱ्या माणसापुढे मांडायचं असतं. ते मी कोणापुढे मांडायचं? माझी स्पॉन्सर लांब राहते, आम्ही फोनवरच बोलतो, आणि तिच्याशी मी काहीही लपवत नाही. जहाजावरचे, आडबाजूचे मेंबर तर फोन परवडत नव्हता तेव्हापासून पत्रांवर सोबर, म्हणजे दारूपासून दूर, राहत आले आहेत.

पहाटवारा
आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त खटकते. लहान ग्रुपमध्ये मीटिंग चालवणारा, किल्ली सांभाळणारा आणि स्पॉन्सर बहुतेक वेळा एकच असतो. त्याच्याशी बिनसलं की नवा माणूस स्पॉन्सर सोडत नाही, ग्रुपच सोडतो. मोठ्या ग्रुपमध्ये दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसता येतं. इथे थेट दाराबाहेर, आणि तिथून पुन्हा दारूकडे. निदान एवढ्यासाठी तरी स्पॉन्सर बाहेरचा असावा.

नदीकाठ
तुम्ही दोघंही "अनुभवी माणूसच हवा" हे गृहीत धरताय. १९३९ च्या शेवटी अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या वर्तमानपत्रात ए.ए.वर लेखमाला आली आणि चौकशांचा पूर लोटला, तेव्हा तिथे मेंबर जेमतेम वीसेक होते. नुकतीच दारू सोडलेल्यांनीच त्यांच्याहून नव्यांना धरून आणलं, आणि ते टिकलेही. किती वर्षं सोबर असलं म्हणजे स्पॉन्सर होता येतं, असा नियम नाही. चौथी-पाचवी पायरी झालेला, स्वतःचा स्पॉन्सर असलेला मेंबर पहिल्या तीन पायऱ्यांना सोबत का करू शकत नाही?

जुना मेंबर
सोबत करू शकतो. पण कच्च्या माणसावर भार टाकला तर दोघंही घसरण्याची भीती असते, आणि लहान ग्रुपमध्ये दोघं घसरले की मीटिंगच बंद पडते.

नदीकाठ
ती भीती जुन्यांच्या बाबतीतही आहेच. बिल ज्याला कायम आपला स्पॉन्सर म्हणत राहिला, तो एबी थॅचर पुढे पुन्हा प्यायला लागला. बिल सोबरच राहिला.

जुना मेंबर
बरं. बाहेरचा स्पॉन्सर घ्या, ताईंचा मुद्दा मला खोडता येत नाही. पण मग ग्रुपमधल्या एकाने तरी आठवड्यातून एकदा त्या माणसाला प्रत्यक्ष भेटायचं, हे ठरलंच पाहिजे. चहाला का होईना.

काठावरची
भेटायला माझी हरकत नाही. फक्त त्या भेटीत माझ्या पायऱ्यांची चौकशी नको. ते माझ्या स्पॉन्सरकडे राहू द्या.

पहाटवारा
आणि मुदत संपताना तात्पुरत्या स्पॉन्सरने स्वतःहून विचारायचं, "बदलायचंय का?" नव्या माणसाला ते तोंडातून काढणं फार जड जातं.