प्रतिसाद: रासपुतिनपेक्षा सेनापतींच्या तारा महत्त्वाच्या

दरबारात वजन असलेला साधू रासपुतिन आणि राणी यांच्यामुळे रशियाचा शेवटचा झार (सम्राट) दुसरा निकोलस बुडाला, हे या चर्चेत वर आलेलं मत मला अपुरं वाटतं. दरबाराची अब्रू त्या दोघांमुळे गेली हे खरंच, पण रासपुतिनचा खून डिसेंबर १९१६ मध्ये झाला आणि गादी गेली ती मार्च १९१७ मध्ये. तो मेल्यावरही काही सावरलं नाही. राजधानी पेट्रोग्राडमध्ये पावासाठी रांगा लागतच होत्या. देशात धान्य होतं, पण रेल्वे पहिल्या महायुद्धाच्या ओझ्याखाली कोलमडली होती आणि ते शहरात पोचत नव्हतं.

इथे कुणी सेनापतींबद्दल लिहिलेलं नाही, आणि माझ्या मते खरा निकाल तिथे लागला. १२ मार्चला (आजच्या, म्हणजे नव्या दिनदर्शिकेप्रमाणे; रशियात तेव्हा जुनी चालत होती) राजधानीतल्या व्होलिन्स्की रेजिमेंटने बंड केलं. निकोलस मोगिल्योव्हच्या लष्करी मुख्यालयातून परत निघाला, पण पुढचा मार्ग बंडखोरांच्या ताब्यात असल्याचं कळल्याने गाडी वळवून प्स्कोव्हला न्यावी लागली. तिथे असताना सेनाप्रमुख अलेक्सेयेव्हने आघाड्यांवरच्या सेनापतींना तारेने मत विचारलं. ब्रुसिलोव्ह, एव्हर्ट, अगदी झारचा चुलत काका ग्रँड ड्यूक निकोलाय निकोलायेविचसुद्धा, सगळ्यांचं म्हणणं एकच: गादी सोडा. १५ मार्चला त्याने सही केली. १९१५ मध्ये मंत्र्यांचा विरोध डावलून त्याने याच काकाला हटवून सरसेनापतिपद स्वतःकडे घेतलं होतं. तेव्हापासून प्रत्येक पराभवाचं खापर थेट त्याच्याच डोक्यावर फुटत होतं.