स्काऊटचा गणवेश, बूट आणि राहुट्या: समुद्रकाठच्या पथकासाठी काय घ्यावं?

वाळूतली शाळा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात अगदी समुद्राला लागून असलेल्या गावात मी शिक्षक आहे. गेल्या वर्षी स्काऊटमास्तरचा बेसिक कोर्स करून आलो आणि पथक सुरू केलं. पाचवी ते आठवीची चोवीस मुलं आहेत, आठ-आठांचे तीन संघ. बहुतेक घरं मासेमारीवर चालतात. जून-जुलैची बंदी संपून होड्या आत्ताच कुठे पाण्यात गेल्यात, त्यामुळे सप्टेंबरात कुणाच्याच हातात पैसा खेळत नाही.

गेल्या वर्षी तयार गणवेश मागवले आणि फसलो. पहिल्याच पावसात निळ्या पँटचा रंग उतरला. राखाडी शर्ट खालून असे डागाळले की कितीही धुवा, डाग काही जात नाहीत. बेल्टची बक्कलं पंधरा दिवसांत गंजली. यंदा तीच चूक परत करायची नाही.

पण लिहायला बसलो ते एका मुलामुळे. पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाला सहावीतला एक मुलगा पाण्याच्या टाकीमागे उभा होता. शर्ट, स्कार्फ, टोपी, सगळं अंगावर, पायात मात्र स्लिपर. मी हाक मारली तसा पुढे आला आणि एक पाऊल दुसऱ्या पावलावर ठेवून उभा राहिला, झाकायला. पुढच्या शनिवारी तो तासाला आलाच नाही. घरी गेलो, तर आई खळ्यात जाळं शिवत बसली होती. म्हणाली, "गुरुजी, बूट एकच जोड हाय. थोरला घालून कॉलेजात जातो." मी काही न बोलता परत आलो. तेव्हापासून ते पाऊल डोळ्यांसमोरून हलत नाही.

७ नोव्हेंबरला, भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या स्थापनादिनी, दीक्षाविधी करायचाय. डिसेंबरात दोन रात्रींचं शिबिर: एक रात्र किनाऱ्यावर सुरूच्या बनात, एक रात्र वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. कपडा कुठला घ्यावा, बुटांचं काय करावं आणि चोवीस मुलांना पुरतील एवढे तंबू आणावेत कुठून, एवढं सांगा.

पायमशीन

सर, मी रत्नागिरीत शिवणकाम करते, शाळांचे गणवेश शिवून वीस वर्षं झाली. तयार मागवू नका. तयार कपड्यात माया, म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड, नसते. तुमची मुलं वाढत्या अंगाची, पँटच्या पायाला आणि कमरेला आत दीड-दीड इंच माया सोडून शिवलं की दोन वर्षं निभतात. शिंप्याला हे सांगावं लागतं, नाहीतर तो कापड वाचवतो.

शर्टाला टेरीकॉट, म्हणजे सुती-पॉलिस्टर मिश्र कापड, घ्या. निव्वळ सुती कपडा आपल्याकडच्या दमट हवेत पडवीत दोन-दोन दिवस वाळत नाही, वास मारतो. निव्वळ पॉलिस्टर मात्र नकोच. मुलं चुलीवर स्वयंपाक करणार; ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतं. पँटचं कापड कापायच्या आधी रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवा आणि ओलं असतानाच पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. फडकं निळं झालं तर तो तागा दुकानदाराला परत द्या.

स्कार्फवर तर एक पैसा जास्त घालवू नका. नियमात दोन बाजू ७० ते ८० सेंटिमीटर सांगितल्यात. ५८ इंची पन्ह्याचं कापड घ्या. पन्ह्यात शेजारी शेजारी दोन चौकोन बसतात, प्रत्येक साधारण ७३ सेंटिमीटरचा. चौकोन कोपऱ्यातून कोपऱ्यात कापला की दोन स्कार्फ. म्हणजे साडेचार मीटरमध्ये तुमचे चोवीस निघाले आणि दुमड घालूनही माप ७० च्या वर राहतं. फक्त लांब बाजू उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी, येते. ती मशीनखाली घालताना ओढायची नाही, आपसूक सरकू द्यायची. ओढली की ती बाजू लाटेसारखी होते, आणि मग प्रथमोपचारात हात गळ्यात बांधायला तोच स्कार्फ घेतला तर झोळी सैल पडते. हिरवा, जांभळा, पिवळा सोडून रंग निवडा. आमच्या इथल्या पथकाने विटकरी घेतलाय, जांभ्याच्या मातीचा डाग त्यावर दिसत नाही.

बिल्ले मशीनवर शिवू नका. सदस्यता बिल्ला डाव्या खिशावर, जागतिक बिल्ला उजव्या. दोन्ही हाताने बारीक टाक्यांत लावा, म्हणजे शर्ट आखूड झाला की उसवून पुढच्या शर्टावर जातात.

बक्कलाला आठवड्यातून एकदा खोबरेल तेलाचा बोळा फिरवायला सांगा. खारी हवा कुणाला सोडत नाही.

सड्यावरचा

मास्तर, मी निवृत्त आहे, पंचवीस वर्षं पथक चालवलं. आमच्या वेळी खाकी होती. गणवेशाचं वर बाईंनी सांगितलंय, त्याहून चांगलं मला सांगता येणार नाही. मी पायांचं सांगतो.

कॅनव्हासचे बूट नियमात बसतात आणि दीक्षाविधीला चालतात. पण सड्यावरच्या रात्रीसाठी ते पुरत नाहीत. कातळावर फुरसं हा विषारी साप असतो. फुरसं वीतभर, फार तर हातभर लांब, मातकट रंगाचं, वाळक्या गवतात डोळ्यांपुढे असून दिसत नाही. चावतं ते बहुतेक पायाला किंवा हाताला. म्हणून घोट्याच्या वर येणारा बूट, जाड मोजे, फुलपँट, आणि प्रत्येक दोन मुलांत एक चांगली टॉर्च. अंधार पडल्यावर टॉर्चशिवाय पाऊल नाही, लघवीला जायचं तरी. काठी पुढे आपटत चालायचं. लाकूडफाटा दिवसाउजेडी गोळा करायचा आणि दगड हाताने उचलायचा नाही, आधी काठीने उलटायचा. आणि शिबिराच्या आधी स्वतः जाऊन बघा की जवळच्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशावर द्यायची लस (प्रतिविष) आहे का. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच लस चालते. साप चावलाच तर दोरी आवळायची नाही, चिरायचं नाही, पाय न हलवता गाडीत घालायचं.

सकाळी बूट आपटल्याशिवाय कुणी पाय घालायचा नाही. कोकणातला लाल विंचू काय करतो ते जुन्या लोकांना विचारा. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ करण्याआधी मुलं त्याने दगावायची.

आता तुमच्या त्या मुलाचं. आमच्याही पथकात असं झालं होतं, आणि मी पहिल्यांदा चूक केली: एकट्यालाच बूट घेऊन दिले. तो ते घालून आला, पण महिनाभर मान वर करून बोलला नाही. त्यानंतर मी बुटांची पेटी केली. बूट पथकाचे, मुलाचे नाहीत. टाचेच्या आत रंगाने नंबर टाकलेला. शनिवारी सगळे पेटीतून घेणार आणि सगळे परत ठेवणार, घरी स्वतःचे असोत वा नसोत. पाय वाढला की मुलगा पुढचा नंबर घेतो, धाकटा त्याचा घेतो. गावात निरोप दिला तर आखूड झालेले शाळेचे काळे बूट घरोघरी माळ्यावर पडलेले सापडतात. जे कमी पडतील तेवढेच विकत घ्या. ओले झाले तर आत वर्तमानपत्र कोंबून वाऱ्याला ठेवा, चुलीशी नको, तळ सुटतो.

पैशासाठी खरी कमाई, म्हणजे मुलांनी कामं करून मिळवायचे पैसे, आहेच. आम्ही नवरात्राच्या आधी वाडीत घरोघरी समया आणि तांब्याची भांडी घासून द्यायचो, आमसुलाच्या पाण्याने. म्हाताऱ्या माणसांना तेवढीच मदत व्हायची आणि मुलांना आपल्या पैशाचे बूट मिळायचे.

गोचीड

मी सिंधुदुर्गात गाईड कॅप्टन, म्हणजे मुलींच्या पथकाची प्रमुख, आहे. वरच्यांनी सांगितलेलं सगळं बरोबर, एकच भर. २०१६ पासून आमच्याकडे बांदा-दोडामार्ग भागात माकडताप आला. तो गोचिडींमधून पसरतो आणि जोर असतो जानेवारी ते मे. तुमच्याकडे तो प्रश्न नसला तरी सवय लावून घ्या: रानात जाताना पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, पालापाचोळ्यावर बसायचं नाही, आणि परत आल्यावर काखा, मानेमागे, गुडघ्यामागे एकमेकांचं तपासायचं. आमच्या मुली बूट काढायच्या आधी हे करतात.

तंबू विकत घेऊ नका. पावसाळ्यात प्रत्येक घराच्या पडवीला निळी ताडपत्री बांधलेली असते. डिसेंबरात ती घडी घालून पडलेली असते, फुकट मिळते. बारा बाय पंधराची एक ताडपत्री, मध्ये ताणलेला दोर आणि दोन्ही बाजूंना उतार दिला की एक संघ आडवा झोपतो. वाऱ्याच्या बाजूला झापांचा (विणलेल्या झावळ्यांचा) आडोसा. वाळूत खुंटी धरत नाही, म्हणून हातभर लांब काठी दीड फूट खोल आडवी पुरा आणि दोर तिला बांधा. होडीचा नायलॉन दोर दिसायला दणकट असतो पण त्यावर खुंटगाठ सरकते. काथ्याचा दोर घ्या, गाठ जागची हलत नाही.

माडाखाली एकही राहुटी नको. झावळी पडायला वारा लागत नाही. आणि शिबिराची तारीख धरताना पौर्णिमा-अमावास्या बघा, उधाणाचं पाणी कुठपर्यंत येतं ते मुलांच्या बापांना विचारा.

वाळूतली शाळा

सगळ्यांचे मनापासून आभार. आज शाळेत ताडपत्र्यांचं विचारलं तर मधल्या सुट्टीपर्यंत पाच कबूल झाल्या. उधाणाची रेषा दाखवायला एका मुलाचे आजोबा रविवारी येतायत. स्कार्फ विटकरीच ठरला.

सड्यावरचे गुरुजी, तुमचं पेटीचं वाचून तसाच उठलो आणि शाळेतलं जुनं लाकडी कपाट रिकामं केलं. संध्याकाळी त्या मुलाच्या घरी गेलो. नंबरांची वही कुणीतरी नीट ठेवायला हवी, अक्षर चांगलं असलेला मुलगा हवा, असं म्हटलं. तो आतून ऐकत होता. बाहेर आला आणि विचारलं, "नंबर आतून टाकायचे की बाहेरून?"

आतून, असं सांगितलंय. शनिवारी रंग आणि ब्रश घेऊन येतोय. कपाटात ओल चढू नये म्हणून खाली काय घालावं, तेवढं कुणी सांगा.

सड्यावरचा

खाली दोन विटा आणि फळी, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे. आत कडुनिंबाचा वाळका पाला. आणि पावसाळ्यात आठवड्याला एकदा सगळे बूट बाहेर काढून वाऱ्याला. ते काम त्यालाच द्या.