‘पासवर्ड घेत नाहीये’ : ओळख की परवानगी?

लॉगिन करताना येणाऱ्या ‘साइन-इन एरर’ला मराठीत ‘प्रवेश-त्रुटी’ म्हणावं, असं कुणी सुचवलंय. मला तो अपुरा वाटतो. प्रवेश दोन वेगळ्या जागी अडतो, आणि दोन्हींना एकच नाव दिलं की भलत्याच जागी दुरुस्ती सुरू होते.

मी ऑफिसात हिशेब बघते. आमच्या मजल्यावर कुणाचं लॉगिन अडलं की पहिली हाक मला येते, तीही ठरलेली : ‘अगं, पासवर्ड घेत नाहीये.’ हे ‘घेत नाही’ अस्सल मराठी आहे. गाडी पिकअप घेत नाही, एटीएम कार्ड घेत नाही, तसंच हे. पण नेमकं कुठे अडलंय ते त्यातून कळत नाही.

मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये संदेशासोबत एक आकडा येतो, तो आधी वाचावा. ५०१२६ असेल तर नाव किंवा पासवर्ड चुकलाय. ५०१०५ असेल तर तुम्ही कोण हे त्याला नीट कळलंय, फक्त त्या अ‍ॅपच्या यादीत तुमचं नाव कुणी घातलेलं नाही. अशा वेळी पासवर्ड चारदा बदलला तरी काही होणार नाही, अ‍ॅडमिनलाच सांगावं लागतं. वेबसाइट उघडताना दिसणाऱ्या ४०१ आणि ४०३ या एररच्या आकड्यांमध्ये हाच फरक आहे. आणि घोळ इंग्रजीतही आहे बरं का : ४०१चं अधिकृत नाव ‘अनऑथोराइज्ड’ (शब्दशः ‘परवानगी नसलेला’), अर्थ मात्र ‘ओळख पटलेली नाही’.

पारिभाषिक मराठीत ओळख पटवणं आणि परवानगी देणं यांना ‘प्रमाणीकरण’ आणि ‘प्राधिकरण’ म्हटलेलं दिसतं. दोन्ही शब्द घाईत सारखेच वाचले जातात. त्यात ‘प्राधिकरण’ म्हटलं की कुणाला म्हाडा आठवतं, कुणाला पुण्याजवळचं निगडी प्राधिकरण. त्यापेक्षा ‘ओळख पटली नाही’ आणि ‘परवानगी नाही’ ही रोजची वाक्यं का नकोत? ओळख ‘पटते’, परवानगी ‘मिळते’. क्रियापदातच फरक कळतो.

ओळख न पटण्याचा आपल्याकडचा खास प्रकारही सांगते. एक ताई मराठी पत्र टाइप करून उठल्या आणि लगेच लॉगिन करायला बसल्या. पासवर्ड पाठ, तरी चूक. पुन्हा चूक. असं करत करत खातं लॉक झालं. मी त्यांना नोटपॅड उघडून इंग्रजीत नुसतं ‘ऑफिस’ टाइप करायला सांगितलं, तर उमटलं ‘दििगमा’. कीबोर्ड इनस्क्रिप्टवरच, म्हणजे मराठी टायपिंगच्या मांडणीवरच, राहिला होता. पासवर्डच्या चौकटीत फक्त ठिपके दिसतात, त्यांना कसं कळणार? म्हणून मराठीत काम करणाऱ्यांनी टास्कबारवरची भाषा आधी बघावी, कॅप्स लॉक नंतर. आणि ऑथेंटिकेटरचा, म्हणजे लॉगिनसाठी मोबाइलवर कोड देणाऱ्या अ‍ॅपचा, कोड ‘घेत नसेल’ तर मोबाइलचं घड्याळ तपासा. तो कोड वेळेवरून बनतो आणि दर ३० सेकंदांनी बदलतो.

‘लॉगिन’साठी ‘सनोंद प्रवेश’ हा शब्द मराठी विकिपीडियावर वापरलेला पाहिलाय. त्यात ‘लॉग’ म्हणजे नोंद हा मूळ अर्थ छान जपलाय, पण बोलताना तो कुणाच्या तोंडी मी ऐकलेला नाही. बोलण्यात ‘लॉगिन’च राहू द्या.

खरा अडतो तो ‘टेनंट’ हा शब्द, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडे प्रत्येक कंपनीची असलेली वेगळी जागा. ५००२० आकड्याच्या संदेशात येतो : तुमचं खातं या टेनंटमध्ये नाही. बहुतेक वेळा ब्राउझरमध्ये दुसऱ्या कंपनीचं किंवा घरचं खातं उघडं असतं. इनकॉग्निटो विंडोत उघडलं की काम होतं. पण ‘भाडेकरू’ असं भाषांतर केलं तर वाचणाऱ्याला वाटतं, भाडेकरू म्हणजे आपण. इथे भाडेकरू आहे कंपनी. इमारत एक, कुटुंबं अनेक, प्रत्येकाचं कुलूप वेगळं. चाळीत याला आपण ‘बिऱ्हाड’ म्हणतो. ‘तुमचं खातं या बिऱ्हाडात नाही’ हे मला चटकन कळतं. तुम्हाला कळतं का?